कॉम्प्युटरला बांधलेला काळा गोंडा

जाम गावच्या चौरस्त्यावर सुलोचनाबाईंचं ट्रकवाल्यांच्या सामानाचं दुकान होतं. दोरखंड, ताडपत्र्या, रंगीत झालरी, आणि नजर लागू नये म्हणून गाडीला बांधायचे काळे गोंडे. गोंडे त्या स्वतः वळायच्या. नागपूरकडून येणारे, हैदराबादकडे जाणारे ड्रायव्हर खास त्यांच्या दुकानासमोर ब्रेक मारायचे. "बाई, तुमचा गोंडा असला का गाडीले काई होत नाई," असं म्हणायचे लेकाचे. तेव्हा बाई हसायच्या. हेमराज गेला आणि ते हसणं गेलं.

हेमराज त्यांचा थोरला. हिंगणघाट रोडवर, नाल्याच्या पुलाजवळ, मित्राशी शर्यत लावून नवी कोरी मोटरसायकल हाणत होता. आईनं हँडलला गोंडा बांधून दिला होता, तो त्यानंच सकाळी सोडून दुकानाच्या फळीवर फेकला होता. "मायवं, हा का ट्रक हाय का? पोट्टे हासतात मले," म्हणाला, आणि गेला. संध्याकाळी त्याला आणलं तेव्हा गोंडा फळीवर तसाच पडलेला होता. सुलोचनाबाईंनी तो उचलून पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवला. गोंडा गाडीवर राहिला असता तर पोरगा राहिला असता, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. मधुकररावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, समजावून पाहिलं. शेवटी त्यांनीही नाद सोडला.

आता राहिला अंकुश. वय एकोणीस, समुद्रपूरच्या कॉलेजात नावाला शिकत होता, आणि त्याला काय हवं होतं? मोटरसायकल! दुसरं काही नाही, बघा. हट्ट तरी कसला, जेवण सोडण्यापर्यंत. "घरचे देत नसन तर प्रेमदासची चालवीन," अशी धमकी. प्रेमदास त्याचा जिगरी दोस्त, त्याच्याकडे गाडी होती. रस्त्यावरून मोटरसायकल जोरात गेली की सुलोचनाबाई उठून दारात यायच्या. हातातली झालर हातातच राहायची, आवाज विरून जाईपर्यंत. जामच्या चौकात दुकान, म्हणजे असं दिवसातून किती वेळा होत असेल, तुम्हीच समजून घ्या.

एक दिवस प्रेमदास बोलता बोलता बोलून गेला, की अंकुश हिंगणघाटच्या सायबर कॅफेत जातो आणि तिथं कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतो. खेळायला बसला की उठत नाही, हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत. बाईंनी हातातला गोंडा खाली ठेवला. "उठत नाई?" "नाई वो काकू, नंबर लागलेले पोट्टे शिव्या देतात त्याले." त्याच संध्याकाळी त्यांनी अंकुशला समोर बसवलं. "मोटरसायकल नाई भेटनार. पन तेवढ्या पैशात कॉम्प्युटर घेऊन देतो, शर्यतीवाला. घरात बसून चालव जेवढी चालवाची तेवढी." अंकुश आधी हसला. मग आई थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे डोळे असे चमकले, की बाईंना हेमराजची आठवण येऊन पुन्हा भीतीच वाटली.

नागपूरला सीताबर्डीत गेले दोघं. तयार कॉम्प्युटर घेणं परवडणार नव्हतं, शिवाय तयार डब्यावर शर्यत नीट धावत नाही, असं अंकुशचं म्हणणं. एकेक भाग निवडून जोडून घ्यायचा. दुकानात खोक्यांची चळत छताला लागलेली. बाईंनी पदर सावरला आणि सरळ शेठला विचारलं, "यातलं इंजिन कोनतं?"

अंकुश लाजून मान खाली घालून उभा. शेठ मात्र चांगला होता. म्हणाला, "ये प्रोसेसर है ना बाई, हे इंजिन समजा. हा कार्ड आहे तो रस्ता दाखवते, ग्राफिक कार्ड. और ये मॉनिटर, म्हणजे काच."

"काच जुनी चालते," बाई म्हणाल्या. "फुटलेली नसली म्हंजे झालं."

"माय, सपाटवाला घेऊ न! तो जुना डब्बा कोन पाह्यते?"

"तुले गाडी पाह्याची हाय का डब्बा?"

जुना, वापरलेला, पाठीवर कुबड असलेला मॉनिटर बाजूला ठेवला गेला. स्पीकर घेतले सगळ्यात लहान. प्रोसेसर अंकुशला हवा होता त्याच्या एक पायरी खालचा. एवढं करूनही पैसे कार्डाशी येऊन अडकले. शेठनं दोन कार्डं समोर ठेवली, एक साधं आणि एक, तापू नये म्हणून पंखा लावलेलं. पंखावालं महाग. ते घेतलं तर लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा घेता येणार नव्हता, आणि तेव्हा आमच्याकडं लोडशेडिंग किती, ते सांगायला नको.

"साध्या कार्डावर काय होते?" बाईंनी पोराला विचारलं.

"अटकत अटकत चालते."

"अटकली तर तू बसून राह्यशीन, का उठशीन?"

अंकुशनं दाराबाहेरच्या रस्त्याकडं पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, पण बोलला नाही. पोरगा उठला की कुठं जाईल, हे बाईंना दिसलं होतं. "पंखावालं द्या," त्या शेठला म्हणाल्या. "बॅटरीचं मागून पाहू."

हे सगळं ज्यात बसवायचं तो डबा निवडायची वेळ आली तेव्हा अंकुशनं एका बाजूला जाळी असलेला निवडला, आत निळे दिवे लागणारा. तेवढं एक त्याच्या मनासारखं होऊ दिलं. शेठच्या कारागिरानं तिथंच सगळं जोडून, चालवून दाखवलं. परत येताना एसटीत बाईंनी डबा मांडीवर घेतला, आणि बुटीबोरीपासून जामपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तो छातीशी आवळला. कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, लेकरू हाय का?" बाईंनी पदर डब्यावर ओढला.

अंकुश खरंच बसला हो! कॉलेजातून आला की दुकानामागच्या आतल्या खोलीत, दार लोटून. प्रेमदास दोनदा येऊन हाका मारून गेला. मधुकरराव कुरकुरले, "पोरगा आंधळा होईन." "होऊ द्या," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. पडद्याकडं मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती. आतून टायर किंचाळल्याचा आवाज यायचा, मग धडाम! दुकानात बसल्या बसल्या त्या कान झाकून घ्यायच्या. खोटं आहे, खोटं आहे, असं त्या मनाशी म्हणत राहायच्या.

आणि भीती काय, एकीच्या पोटातून दुसरी निघतच असते. कॉम्प्युटरलाच काही झालं तर? जळला, बंद पडला, कोणाची नजर लागली? एवढी चांगली वस्तू, शेजारपाजारचे येऊन पाहून जात होते. एका दुपारी अंकुश कॉलेजात असताना बाईंनी पेटी उघडली, लुगड्यांच्या तळातून हेमराजचा गोंडा काढला आणि डब्याच्या भिंतीकडच्या बाजूला, त्या जाळीलाच, पक्की गाठ मारून बांधला. अंकुशला कळलं असतं तर आधी तो हसला असता, आणि कोणाचा गोंडा हे कळल्यावर रडला असता. म्हणून डबा होता तसा भिंतीशी सरकवून ठेवला.

त्यानंतर काही दिवसांतच मशीन बिघडायला लागलं. शर्यत रंगात आली की पडदा काळा व्हायचा. आधी कधीमधी, मग रोज, मग बसल्या बसल्या. अंकुश डब्यावर थापा मारायचा, वायरी हलवायचा, शिव्या घालायचा. बाईंचा जीव टांगणीला लागला. काय चुकलं आपलं? जुनी काच घेतली ते? एक पायरी खालचं इंजिन घेतलं ते? झोपेतही त्या शेठच्या दुकानात उभ्या असायच्या आणि समोरच्या खोक्यांतलं नेमकं नको तेच उचलायच्या.

एका संध्याकाळी लाइट होती. अंकुश जिंकत आला होता, आणि पडदा पुन्हा काळा झाला. तो उठला. खुर्ची पडल्याचा आवाज दुकानात ऐकू आला.

"सस्त्यातला माल घेतला तुनं! सगळं सस्त्यातलं! नुसती लेकरावानी समजूत काढली माही!"

"अंकुश, बापू, ऐक तं..."

"काय ऐकू? त्या खोट्या गाडीपेक्षा खरी बरी!"

बाहेर प्रेमदास त्याला बोलवायला आला होता, गाडी उभीच होती. अंकुशनं त्याच्या हातातून किल्ली घेतली, आणि बाई गल्ल्यामागून उठून बाहेर येईपर्यंत गाडीचा मागचा लाल दिवा हिंगणघाट रोडला लागला होता.

"थांबवला काऊन नाई रे त्याले?" बाई प्रेमदासवर ओरडल्या. तो बिचारा हात चोळत उभा. मधुकरराव कोणाची तरी सायकल घेऊन मागे निघाले, म्हातारा माणूस, कुठं गाठणार होता! सुलोचनाबाईंना रस्त्यावर उभं राहवेना, बसवेना. काही सुचेना म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. गोंडा तरी हातात धरावा, हेमराजला म्हणावं, भावाले सांभाळ रे बापा. त्यांनी डबा भिंतीपासून ओढला.

जाळीवर फक्त गाठ होती. गोंडा नव्हता. त्यांनी डोळा लावून आत पाहिलं. काळे दोरे जाळीच्या भोकांतून आत ओढले गेले होते आणि कार्डाच्या त्या लहानग्या पंख्याला गच्च गुंडाळले होते. पंखा हलूच शकत नव्हता. हात लावला तर डबा तापलेल्या तव्यासारखा.

बाई तिथंच जमिनीवर बसल्या. माल चांगला होता. शेठ चांगला होता. पोराला घरातून रस्त्यावर धाडलं ते त्यांच्या हातच्या गोंड्यानं. त्यांना रडूसुद्धा येईना, एवढी भीती वाटली. दुकानासमोरून ट्रक जात होते, त्यांच्या आरशांवर गोंडे हलत असतील, आणि आपण इतकी वर्षं काय विकलं, हे त्यांना कळेनासं झालं. एक मोटरसायकल आली, गेली. दुसरी आली, गेली. प्रत्येकीला त्या उठायच्या आणि पुन्हा बसायच्या.

अंकुश आला तो पायी. गाडी ढकलत. पुढचा दिवा फुटलेला, कोपर सोललेलं, पँट चिखलानं भरलेली. मागून मधुकरराव सायकल धरून, धापा टाकत. गाडी प्रेमदासच्या हातात देऊन पोरगा आत आला आणि आईजवळ जमिनीवर बसला.

"कुठं लागलं? बोल न! डोक्याले लागलं का?"

"नाई वं माय." त्यानं सोललेलं कोपर दुसऱ्या हातात धरलं. "पुलाजोळ गाडी घसरली. समोरून ट्रक येऊन राह्यला होता. माय, माहं बोट ना, हँडलवर बटन शोधून राह्यलं होतं."

"कोनतं बटन?"

"खेळातलं. गाडी उलटली का ते दाबाचं, मंग गाडी उभी राह्यते, काईच झालं नाई अशी. मी खरंच पाहून राह्यलो होतो वं! अन् ट्रक आला. कसा वाचलो मले नाई मालूम. माय, मी भेलो. हेमूदादा बी तसाच भेला असन का वं?"

सुलोचनाबाईंनी त्याला जवळ ओढलं. दोन वर्षं ओरडून, रडून, शपथा घालून जी भीती त्यांना त्याच्या अंगात घालता आली नव्हती ती आता त्याच्या हातापायांत थरथरत होती. देवा, राहू दे ती तिथंच, त्या मनात म्हणाल्या. मग पदरानं त्याचं कोपर पुसलं आणि डब्याकडं बोट दाखवलं. "माल सस्त्यातला नोहता रे. मीच बांधला होता तो. तुह्या दादाचा हाय."

अंकुशनं जाळीवरची गाठ पाहिली. हसला नाही. डबा उघडून, कात्रीनं एकेक दोरा कापून त्यानं पंखा मोकळा केला. दोरे आईच्या ओंजळीत देत गेला, आणि बाईंनी ते सगळे पदराच्या गाठीत बांधले. मशीन लावलं, पंखा घरघरला. रोजच्यासारखं तो खेळायला बसला नाही, नुसता पाहत राहिला.

"चालव," बाई म्हणाल्या. "अन् ते बटन दाखव मले."

पहिल्यांदाच त्या पडद्यासमोर बसल्या. लाल रंगाची गाडी होती. अंकुशनं ती वळणावर मुद्दाम सोडली, ती कठड्यावर आपटली, उलटी झाली, चाकं वर फिरत राहिली. बाईंनी डोळे मिटले नाहीत. त्यानं त्यांचं बोट धरून बटनावर ठेवलं. त्यांनी दाबलं. गाडी रस्त्यावर उभी होती, कुठं ओरखडा नाही.

"आपट पुन्हा," बाई म्हणाल्या.

त्यानं आपटली. त्यांनी दाबलं. मधुकररावांनी जेवायला हाक मारली, तरी त्या उठल्या नाहीत.