खटाऱ्याची शांत वायर

सम्यक गमरेच्या गिटारला काळाचौकीत 'खटारा' म्हणतात. नाव ठेवलं विहंगने, त्याच्या बँडच्या ड्रमरने, आणि ते चिकटलं. कॉलेजात असताना घेतलेली ही गिटार दुकानातली सगळ्यात स्वस्त होती. आज तिच्यात मूळचं लाकूड सोडून काही उरलेलं नाही, आणि तेही कानशीने घासून बरंच कमी झालं आहे. पुढच्या अंगाला पितळेचा पत्रा आहे, तो तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून आणून सम्यकने स्वतः ठोकून बसवला. तारांखालचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारी चुंबकावरची वेटोळी, त्याने आईच्या शिवणयंत्रावर गुंडाळले. बॉबिन भरायच्या चाकावर केसासारखी तांब्याची तार, आणि पाय मारायला आई, बकुळाबाई. पत्र्याच्या कोपऱ्यात लिफ्टचं एक जुनं बटण आहे. ते भराभर दाबलं की गिटार तोतरी बोलते.

बटण लिफ्टचं, कारण सम्यकची नोकरी लिफ्टची. आयटीआय करून तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला आणि परळ-लालबागच्या टॉवरांमध्ये त्याची बारा-तेरा वर्षं गेली. वडील रामजी गिरणी बंद पडेपर्यंत तिथे कापड विणायच्या साच्यावर होते आणि भीमगीतांच्या पार्टीत हार्मोनियम वाजवायचे. मुलाने गिटार धरली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, की हिला भाता कुठे असतो.

घरी गुंडाळलेल्या पिकअपची एक खोड असते. वाजवणारा थांबला तरी ते थांबत नाहीत, स्पीकरमधून सारखी 'घूं' ऐकू येत राहते. त्यावर वाद्यवाल्यांकडे एक जुना उपाय आहे. अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, विजेच्या वायरला तीन पिना असतात, त्यातली वरची जाड पिन अर्थिंगची, गळती वीज जमिनीत नेणारी. ती काढून टाकली की पुष्कळदा आवाज जातो. दोनच पिना बोर्डात शिरत नाहीत, म्हणून वरच्या भोकात पेनाची रिफिल घालायची. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. एका स्टेजवर कोणीतरी दाखवतो, पुढच्या स्टेजवर आपण दाखवतो.

सम्यकने तशी वायर नीट बांधून बनवली, प्लगला लाल टेप लावली आणि तिला शांत वायर म्हणायला लागला. मित्रांनी मागितली, त्यांनाही बनवून दिल्या. दिवसभर लिफ्टच्या पॅनेलला अर्थिंग तपासल्याशिवाय हात न लावणारा माणूस संध्याकाळी अर्थिंगची पिन पक्कडीने उपटून वाटत होता. यात काही विसंगत आहे असं त्याला वाटलं नाही. एक काम होतं, दुसरं संगीत.

गाताना ओठ माइकला लागला की मुंग्या यायच्या. विहंग म्हणायचा, खटारा जिवंत आहे, नीट वाग त्याच्याशी.

गेल्या वर्षी सुट्टीच्या एका सकाळी सम्यक घरी वाजवत बसला होता. नळाला पाणी आलं, पिंप भरलं, वाहायला लागलं. बकुळाबाई स्टोव्हपाशी होत्या. त्यांनी नळ बंद करायला सांगितलं. चाळीतल्या खोलीत सगळं हाताच्या अंतरावर असतं. गिटार गळ्यातच ठेवून तो मोरीशी वाकला. डावा हात तारांवर होता, उजव्याने त्याने नळ धरला.

पुढचं तो सलग सांगू शकत नाही. दोन्ही हात मिटले आणि उघडेनात. छातीत कोणीतरी पाचर ठोकत आहे असं वाटलं. ओरडायचं होतं, पण जबडा आवळलेला. डोळ्यांसमोर नळाच्या तोंडाशी बांधलेलं फडकं होतं, आणि ते पूर्ण स्पष्ट दिसत होतं. डाव्या हाताने तारा आवळल्या गेल्या होत्या, त्यामुळे स्पीकर किंचाळत होता.

बकुळाबाईंनी मागे वळून न बघता बोर्डाचं बटण बंद केलं. मुलाला शॉक बसला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आवाजाने त्यांचं डोकं उठलं होतं.

"किती वेळा सांगितलं सम्या, सकाळी हळू वाजव," त्या म्हणाल्या. मग त्यांना तो मोरीच्या कठड्यावर पडलेला दिसला.

डाव्या तळहातावर तारांचे काळे वळ उठले होते. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक निघाली. हात बरा झाला, पण दुसरंच काहीतरी बिघडलं. रोज एकच हिशेब त्याच्या डोक्यात फिरायचा. आई वाचवायला आली नव्हती. ती आवाज बंद करायला आली होती. अँपचा आवाज बारीक असता, तर तिने पोळ्या पुऱ्या केल्या असत्या.

गिटार खोळीत गेली. नळाला तो कोपर लावून मग हात लावायचा. स्वतःची शांत वायर त्याने तुकडे करून फेकली. मग वाटलेल्या वायरी आठवल्या आणि त्याला खरी भीती वाटली ती तेव्हा. आपण मेलो नाही. पण त्या वायरी अजून लोकांकडे होत्या.

त्या गोळा करायला तो निघाला, पण खरं कारण सांगून नाही. लिफ्टच्या माणसाने असं केलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? प्लग लूज आहेत, नवीन बनवून देतो, असं तो म्हणाला. सगळ्यांनी परत दिल्या. एकच राहिली, अवनीची. अवनी बँडची गायिका, दुसरी गिटारही तीच वाजवते, राहायला शिवाजी पार्कला. तिने सांगितलं की वायर कुठे आहे आठवत नाही, बहुतेक हरवली. हरवली तर हरवली, असं म्हणून सम्यकने विषय सोडला. त्याला तेच ऐकायचं होतं.

पुढे परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात बँडचा कार्यक्रम ठरला. हात मुरगळला आहे असं सांगून सम्यकने अंग काढून घेतलं. विहंग म्हणाला, हात मुरगळायला तू क्रिकेट खेळतोस की लिफ्ट ओढतोस? अवनीने त्याला खटारा मागितला, कारण एका गाण्यात ते तोतरं बोलणं हवंच होतं. त्याने दिला. वायर हरवली आहे, मग गिटारने काय होणार, असं त्याने स्वतःला समजावलं. तरी देताना त्याने खोळ पट्ट्याने धरली, गिटारला हात लावला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तो त्याच भागातल्या एका टॉवरमध्ये ड्युटीवर होता. दुपारी अवनीचा मेसेज आला. 'खटारा जाम घूं घूं करतोय. पण नो टेन्शन, तुझी वायर सापडली, आईने माळ्यावर टाकलेली. बाकी मुंग्या मस्त येतात हां.'

त्याने फोन लावला. तिने उचलला नाही. विहंगला लावला, त्यानेही नाही. साउंडचेकच्या गोंगाटात फोन ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं, आणि त्यामुळेच काही सुचेना. विजेवाल्या डेकोरेटरचा नंबर नव्हता. लिफ्ट अर्धी उघडी टाकून, वॉचमनला कोणालाही आत सोडू नको असं बजावून तो निघाला. बाइक काढली, पण पुलाखाली गाड्या तुंबलेल्या. ती तिथेच लावून तो पळाला. अवनी गाताना ओठ माइकला टेकवते, हे त्याला सारखं दिसत होतं. तशीच गा, आवाज भरून येतो, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

आवाराच्या फाटकातून ड्रम ऐकू आले. मग ते थांबले. तो आणखी जोरात पळाला.

स्टेजवर अवनी उभी होती. गळ्यात खटारा, डाव्या मुठीत तारा, उजवा हात माइकच्या स्टँडकडे निघालेला; अर्थिंग असलेला माइक म्हणजे इथला नळ. ओरडलो तर ती दचकून तोच हात टेकवेल असं त्याला वाटलं. अशा वेळी माणसाला ओढायचं नाही, आधी वीज बंद करायची, हे तो दिवसा इतरांना शिकवत असे. तो स्टेजच्या बाजूला गेला, जमिनीवरचा बोर्ड शोधला आणि पायातल्या बुटाने मुख्य बटण पाडलं. सगळं बंद झालं. दिवे, पंखे, स्पीकर.

विहंग खवळला. "सम्या, येडा झालास काय रे?"

सम्यक सरळ स्टेजवर चढला. अवनीला गिटार उतरवून खाली ठेवायला लावली, माइकला हात न लावता. मग बटण पुन्हा चालू केलं आणि खिशातला टेस्टर पितळेच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. फार प्रखर नव्हता, पण लागला. किती होता, तिने माइक धरला असता तर काय झालं असतं, हे टेस्टर सांगत नाही. डेकोरेटरचा माणूसही सांगू शकला नाही. ते आता कोणालाच कळणार नाही.

मग सम्यकने नळाची गोष्ट सांगितली. तळहात दाखवला.

अवनीने वळ नीट पाहिले. "म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मला सांगितलंस प्लग लूज आहे."

अवनीने प्लग उपटला आणि वायर त्याच्या हातात दिली. तीन पिनांची वायर लावली. कार्यक्रम झाला, आणि प्रत्येक गाण्याच्या फटीत 'घूं' स्वच्छ ऐकू येत होती. समोर बसलेल्यांपैकी काहींनी तोंडं वाकडी केली. सम्यक शेवटपर्यंत बोर्डाशी उकिडवा बसून होता, बोट बटणावर. एकही गाणं त्याने ऐकलं नाही, त्याचं लक्ष तिच्या ओठांवर आणि माइकवर होतं.

त्यानंतर काही महिने अवनी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. आता बोलते. लालबागच्या ज्या गाळ्यात ते तालीम करतात तिथे भिंतीवर तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: पिन मोडणाऱ्याला हाकलू.

सम्यक पुन्हा वाजवायला लागला आहे. माइकपासून वीतभर लांब राहून गातो, त्यामुळे आवाज पातळ येतो, आणि तसं परीक्षण एकाने छापलंही. भीती गेली का, असं विचारलं तर तो नाही म्हणतो, आणि ती गेलेली त्याला नको आहे.

परवा नायगावच्या कार्यक्रमात विहंगने पाहिलं, की सुरू करण्याआधी सम्यक वाकून तारांना हाताची उलटी बाजू लावतो. सुलटा तळहात शॉकने मिटतो आणि पकड बसते, उलटा हात झटक्याने सुटतो. प्रेक्षकांना तो वाद्याला नमस्कार वाटतो, पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर हात जोडले.

विहंग ड्रममागून म्हणाला, "काय रे, तू कधीपासून पाया पडायला लागलास?"

"पडत नाही," सम्यक म्हणाला. "विचारतो. आज जिवंत आहेस का, म्हणून."