अर्धा कोयता

साठी उलटलेल्या वत्सलाबाईंनी उसाच्या फडाला कित्येक वर्षांपूर्वीच रामराम ठोकला होता. तरी यंदा दसऱ्यानंतर आष्टीकडची टोळी निघाली, तेव्हा त्या ट्रकमध्ये बसलेल्या होत्या.

झालं असं, की त्यांच्या धाकट्या भावाची, बजरंगची बायको कंबरेच्या दुखण्यानं घरी बसली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम टोळीत घेईना. बजरंगनं लेकीचं, सुनिताचं नाव दिलं. सुनिता बीडला सरकारी योजनेतून रुग्णसेवेचं मोफत प्रशिक्षण घेत होती. हजेरी कमी पडली तर जानेवारीतल्या परीक्षेला बसू देणार नव्हते, आणि परीक्षेशिवाय दवाखान्यात नोकरी नव्हती. बजरंगला तरी काय बोल लावायचा? मागं घर कसं चालवायचं, हे योजनेच्या पत्रकात कुणी छापत नाही.

"पोरीचं नाव काढ. मी येते," वत्सलाबाई म्हणाल्या.

"अक्का, तुज्यानं मोळी उचलंल का?"

"तुज्या आदीपासून उचलतीय."

आईबाप फडावर गेले की सुनिताला याच विधवा आत्यानं सांभाळलं होतं. पोरीची शाळा एक दिवस चुकू दिली नव्हती. पोटी लेकरू नसलेल्या बाईचा सगळा जीव त्या पोरीत होता.

बजरंग ऊस तोडी, वत्सलाबाई मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपाशी नेत. डिसेंबरात पाय सुजले. आपण आडवं झालो, तर बजरंग त्याच दिवशी बीडला फोन लावणार आणि पोरगी वर्ग सोडून धावत येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी लुगडं घोट्याखाली ओढून घेतलं.

"लंगडतीस कावून?" बजरंगनं एकदा विचारलं.

"काटा मोडलाय."

त्यानं ते खरं मानलं. खरं मानणं त्याच्याही सोयीचं होतं.

एका रविवारी सुनिताचा फोन आला. "आत्या, आवाज दमल्यावानी येतोय. घोट्यावर बोट दाबून बघ बरं. खड्डा राहतोय का?"

त्यांनी बोट दाबलं. खड्डा पडला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"न्हाई राहत," त्या म्हणाल्या. "तू अभ्यास कर."

त्यानंतरचे एकोणीस दिवस त्यांनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक.

परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन वाजला. लेखी, तोंडी, सगळं चांगलं गेलं होतं. पोरगी आनंदानं रडत होती. वत्सलाबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि त्या अर्धवट बांधलेली मोळी तशीच सोडून बांधावर बसल्या.

"बजरंग, आता माज्यानं उठवत न्हाई रे."

त्यानं जवळ येऊन लुगड्याचा काठ सरकवला. पाय बघितले.

"कवापासून, अक्का?"

"ते राहू दे. पोरीला आज सांगू नको," त्या म्हणाल्या. "आजचा दिस तिला हसू दे."