सुकाणूला गुडघा लागत नाही

"पाय मांडीपासून कापावा लागेल," गोरे सर्जनसाहेब इंग्रजीत म्हणाले. कंपाउंडरने मराठीत सांगितलं. मी म्हटलं, "नाय."

गुडघ्यात ट्यूबरक्युलोसिस होता, म्हणजे हाडात शिरलेला क्षय. मी दाभोळचा तांडेल, होडीवरचा मुख्य. पावसाळा सरल्यावर होडी पाण्यात लोटताना पहिला खांदा तांडेलाने लावायचा, ही आमची रीत. सुजलेला गुडघा लुंगीखाली लपवून मी खांदा लावला आणि तिथेच कोसळलो. शुद्ध मूर्खपणा! मग आगबोटीने रत्नागिरीच्या इस्पितळात.

साहेब स्वतः लंगडायचे. मी चिडून विचारलं, "मग तुमचा का नाय कापला?"

कंपाउंडरची बोबडी वळली. साहेबांना मात्र मराठी समजलं होतं. ते खाटेवर बसले.

ते स्कॉटलंडकडून रग्बी खेळलेले. त्या खेळात आठ-आठ गडी खांदे भिडवून समोरच्यांना रेटतात. शाळामास्तरांचा हा मुलगा डॉक्टरी शिकता शिकता देशाच्या संघात पोचला. चार सामने गाजवले. पाचव्याआधी गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारी दोरी, दुखावलं. निवडणाऱ्यांना कळू न देता पट्टी आवळून ते मैदानात उतरले. दोरी तुटली, चोविसाव्या वर्षी खेळ संपला.

"मीपण लपवलं होतं," ते म्हणाले. मग बराच वेळ माझा गुडघा चाचपत राहिले.

"वर्षभर प्लास्टर. वाचला तरी वाकणार नाही. रोग पसरला तर कापीन."

"कबूल."

व्हरांड्यात उन्हात पडून राहिलो. दर महिन्याला तपासणी. तिकडे चुलतभाऊ तांडेलकीवर डोळा ठेवून होता. बायको हलीमा येऊन बजावून गेली, "होडी तुमचीच हाय. गुमान पडून ऱ्हावा."

पाय राहिला, काठीसारखा ताठ.

तुमच्या घरात कुणाचा गुडघा सुजला, तर लपवू देऊ नका. एवढं सांगायलाच हे लिहितोय.

पुढच्या हंगामाला, होडी लोटायच्या दिवशी, साहेब दाभोळला आले. चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "पाय वाकत नाय, तो कसला तांडेल?"

"सुकाणूला गुडघा लागत नाय," मी म्हटलं आणि ताठ पाय ओढत होडीत चढलो.

पहिल्या खांद्याची जागा रिकामी होती. साहेबांनी कोट काढून वाळूवर टाकला, तिथे खांदा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तांडेल, हुकूम द्या."

डोळे भरून आले होते. तरी असा ओरडलो की पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असेल.