पिवळा जिल्हा

जिन्यातला दिवा लागला आणि त्याच क्षणी माझे दीर पाण्यात पडले. वीज आली म्हणून वरच्या मजल्यांवरचे बंगाली शेजारी आनंदानं ओरडले. दीर गल्लीतल्या दिव्याच्या खांबापाशी पालथे पडले होते. तोंड पाण्यात. जाऊ माझ्यापुढे जिन्याच्या खालच्या कोरड्या पायरीवर उभी होती. तिनं पाय पाण्यात घालायच्या आत मी तिचा अंबाडा धरला आणि मागे ओढली.

समोरच्या इमारतीचा दरवान ओरडत होता, "पानी में कारेंट है! कोई मत उतरना!"

"सोडा जाऊबाई, ते बुडतायत."

"बुडत नाहीत. गेले ते."

गेले होते की नव्हते, मला माहीत नव्हतं. पण तसं म्हटल्याशिवाय ती थांबली नसती. तरीही ती थांबली नाहीच. माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी सोडली नाही.

दीर कोलकात्याबाहेर बजबजला तेलाच्या डेपोत अधिकारी होते. नदीपासून जवळच त्यांचं क्वार्टर, पहिल्या मजल्यावर, पक्क्या भिंतींचं. आम्ही दोघं म्हातारे कोलकात्यातच, बेहाल्यात मुलाच्या घरी राहतो. मुलगा आणि सून तेव्हा कामासाठी बंगळुरात होते.

आमच्या ह्यांना जिल्हे तोलायची खोड. बँकेत होते, दर बदलीच्या वेळी आधी जिल्हा बघायचे. कोल्हापूर नको, पूर येतो. लातूर नको, जमीन हलते. रत्नागिरीत वादळं. मी चौथीपर्यंत शिकलेली. जिथं नेतील तिथं चूल मांडायची, एवढंच मला ठाऊक. इथे आल्यावर बंगालचे जिल्हे सुरू झाले. वादळाची बातमी आली त्या दिवशी वर्तमानपत्रात नकाशा होता. बजबज ज्या जिल्ह्यात येतं तो दक्षिण चोवीस परगणा लाल, आणि कोलकाता पिवळा. ह्यांनी लगेच भावाला फोन लावला.

"लाल जिल्ह्यात आहेस तू. बायकोला घेऊन इकडे निघ."

फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मी ऐकत होते. दीर हसले. "दादा, वादळ काय जिल्ह्याच्या नाक्यावर परमिट दाखवून पुढे जातं?"

"थट्टा पुरे. पिवळा म्हणजे धोका कमी. शिकलेला आहेस ना?"

मलाही ते पटलं. छापून आलेलं आहे, खोटं कशाला असेल.

ते दोघं दुपारी गाडीनं आले. घर बंद ठेवून निघायचं तर देवांना मागे कसं ठेवायचं, म्हणून जाऊनं तिचे देव एका मोठ्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून आणले होते. डबा घेऊन ती दारात आली तर ह्यांनी आडवा हात धरला.

"एका घरात दोन गणपती पुजत नाहीत. आमचा आहे इथे. डबा गाडीतच राहू दे."

"मग माझी पूजा?" जाऊनं विचारलं.

"एक दिवस आमच्या देवाला हात जोड. तो काही परका नाही."

दिरांनी डबा परत गाडीत ठेवला.

वादळ रात्रभर होतं. त्याचं वर्णन मी करणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. वीज संध्याकाळीच गेली होती. सकाळी पाऊस थांबला तेव्हा गल्लीत मांडीपर्यंत पाणी आणि त्यात गाडी. मी गॅसवर चहा केला. दिरांनी कप तोंडाला लावला आणि हे म्हणाले, "देव पाण्यात आणि चहा घशाखाली उतरतो तुझ्या?"

"दादा, वर आणायला तूच नको म्हणालास."

"म्हणून बुडवायचे? आण जा. शेजाऱ्यांकडे ठेवू."

दिरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, झाकून ठेवा. आलोच."

जाऊ डबा हातात घ्यायला धुतलेलं उपरणं घेऊन खाली गेली. तिच्यामागून मी. हे बाल्कनीतून सांगत होते, डावीकडून ये, खांबाच्या बाजूनं ये, तिकडे उथळ आहे. दीर डबा डोक्याशी धरून खांबाच्या बाजूनं आले.

वीज परत बंद करायला वेळ लागला. तोवर मी जाऊला भिंतीशी दाबून बसले. डबा तरंगत आला आणि आमच्या पायरीला लागला. वीज बंद झाल्यावर मी एका पायानं तो आत ओढला. नंतर उघडला तेव्हा देव कोरडे होते.

बजबजच्या क्वार्टरची एक काचही फुटली नव्हती. खालच्या मजल्यावरची बाई, जिला जाऊ किल्ली देऊन आली होती, तिनंच फोनवर सांगितलं. तिला बिचारीला वाटलं, ऐकून बरं वाटेल.

भेटायला येणाऱ्यांना हे सांगायचे, "वादळानं नाही गेला, विजेनं गेला. त्यात जिल्ह्याचा काय दोष?" तेराव्याच्या दिवशी जाऊसमोरही म्हणाले. ती उठली. देवांचा डबा आमच्या उंबऱ्यावर ठेवून पुण्याला लेकीकडे निघून गेली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. डबा अजून आमच्याकडे आहे, माळ्यावर.

माझ्या मनगटावर तिच्या दातांचा वण आहे. दीर गेले. ती जिवंत आहे.