मिशेरी न लावणारी जया

कळव्यात सकाळी कुठल्याही दारात जा, ओटीवर एक बाई मिशेरी घासत बसलेलीच. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजायची, चुरायची, डबीत भरायची. पण रीत अशी, की डबी लग्न झालेल्या बाईची. कुवार पोरीने मिशेरी लावली की ती पोर वाया गेली म्हणून समजा. लग्नानंतर मग जन्मभर हिरड्या कुजवा, कोण विचारतो!

मिठागरावरच्या गुणाजीची बायको ठमाबाई ही रीत कसोशीने पाळायची. स्वतःचं डोकं डबीशिवाय उठायचं, पण तिच्या एकुलत्या एका पोरीने, जयाने, डबीला कधी बोट लावलेलं नव्हतं. जयाचं लग्न शहाडला ठरलं होतं. आणि साखरपुडा झाला न झाला तोच पोरीचे पुढचे दोन दात हलायला लागले. रक्त नाही, सूज नाही, हिरड्या बघाल तर कोवळ्या, गुलाबी. दात पडलेली नवरी शहाडवाले कशाला नेतील?

मायलेकी पुलावरून चालत ठाण्याला श्रीपाद डॉक्टरच्या दवाखान्यात गेल्या. दातांचा नावाजलेला डॉक्टर, पण रोज तीच तीच तोंडं बघून विटलेला. कोणाच्या हिरड्यांतून रक्त, कोणाच्या सुजलेल्या, कोणाच्या पुवाने भरलेल्या. बाकावरचे बहुतेक सगळे हिरड्यांचेच. त्यात खाडीपलीकडची बाई आली की तपासायचीसुद्धा गरज त्याला वाटत नसे. त्याने आधी ठमाबाईचे काळे ओठ पाहिले, मग जयाच्या तोंडात आरसा घातल्यासारखं केलं.

“ह्या वयात मिशेरी? आधी ती बंद करा,” तो बाहेरपर्यंत ऐकू जाईल असं बोलला.

ठमाबाईने पोरीच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की हिने कधी लावलेली नाही. त्यावर तो हसला. सगळ्याच आया असंच सांगतात, तुमच्याकडे घरोघरी हेच, असं म्हणून त्याने गुळण्यांचं औषध दिलं आणि पुढच्याला आत बोलावलं.

बाहेर बाकावर कलावती बसली होती. शहाडची, नवऱ्यामुलाची सख्खी आत्या. सुजलेला गाल धरून तिने शब्द न शब्द ऐकला होता.

लग्न मोडलं. पोर आतापासूनच डबी लावते, असा निरोप आला. आणि निरोप कोणाचा, तर होणाऱ्या सासूचा, जिचे स्वतःचे दात मिशेरीने काळेठिक्कर! मेलीला बोलताना लाजसुद्धा वाटली नाही. ठमाबाईने आपली डबी खाडीत फेकली, घरोघर जाऊन पोरीची बाजू सांगितली. बाया हो हो म्हणायच्या आणि तिची पाठ वळली की दातांवरून बोट फिरवत हसायच्या.

दिवाळीच्या सुमाराला जयाचा एक दात भाकरीबरोबर हातात आला. ठमाबाईने तिला पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. ह्या वेळी डॉक्टर बराच वेळ तोंडात बघत राहिला. मग खुर्ची जवळ ओढून, दबक्या आवाजात सांगू लागला. हा घरोघरचा आजार नव्हे. हा निराळाच, क्वचित एखाद्या कोवळ्या पोरीला होणारा. वरून काही दिसत नाही आणि आतलं हाड झिजत जातं. मिशेरीचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

“तवा मोठ्यानं बोललास, डागदर,” ठमाबाई म्हणाली. “आता हलू कशाला बोलतस?”

तिने स्वतः उठून दार उघडलं. बाकावर माणसं होती. हेच ह्यांच्यासमोर बोल, असं ती त्याला म्हणाली. डॉक्टर हात धुवायला वळला. लोक खोळंबलेत बाई, एवढंच म्हणाला.

घरी येऊन ठमाबाईने चुलीवर तवा ठेवला. डबी फेकल्यापासून इतके महिने तिने मिशेरीशिवाय काढले होते, आज तिने तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजून काढली. नवी डबी भरून होईतो जया शेजारी येऊन बसली होती.

“आये, मना पन दे,” ती म्हणाली. “नाव त झालाच हाय.”

ठमाबाईला शिव्या द्यायच्या होत्या, पण कोणाला द्यायच्या? डॉक्टरला, कलावतीला, की आपल्याच काळ्या ओठांना? तिने डबी पुढे केली. जयाने चिमूटभर मिशेरी बोटावर घेतली आणि पडलेल्या दाताची जागा सोडून उरलेल्या दातांवरून ती हळूहळू फिरवू लागली.