गवतात बांधलेला बंगला

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मला नेहमी हसूच आलं आहे. दर्यापूरकडच्या आमच्या गावात दर तिसऱ्या चिंचेवर एक हडळ राहते म्हणतात, पण एकीनेही मला कधी सुपारी विचारली नाही. तेव्हा खालचं वाचून वाचकांनी मला भोळसट म्हणू नये. भित्रा म्हटलं तर चालेल.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. जो उठतो तो कापसामागे. मी मात्र चिखलदऱ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर कारभारी होतो. आमचे थोरले भाऊ, दादा, यावर चिडून असत. "घरचं वावर सोडून लोकाइच्या खुर्च्या पुसतं," असं चारचौघांत म्हणत.

चिखलदऱ्याचं आयुष्य खालच्या उलट चालायचं. खाली कापसाच्या गाड्या थांबल्या, ऊन तापलं, की वर सीझन सुरू. साहेब, मडमा, घोडे, पाववाला, दोन महिने नुसती जत्रा. ज्येष्ठाचे ढग दिसले की सगळे उतरणीला लागत. मग प्रत्येक बंगला बांधायचा... म्हणजे अक्षरशः बांधायचा. तिथला पाऊस आडवा येतो, भिंती विरघळवतो. म्हणून खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकून, चहूबाजूंनी गवताच्या जाड तट्ट्या बांधत. एकदा बांधलं की दिवाळीपर्यंत तिकडे माणूस फिरकत नसे.

या कामाची एक रीत होती. पुढचं दार झाकण्याआधी तट्ट्या बांधणाऱ्यांचा मुकादम बाहेरून ओरडे, "आत कोनी हाय काय?" कारभाऱ्याने सगळ्या खोल्या फिरून हॉलमधून सांगायचं, "कोणी नाही, बांधा." मग मागच्या दाराने बाहेर पडून कुलूप घालायचं. शेवटची तट्टी त्या दारावर.

मुकादम रहमानमिया, एलिचपूरचे. त्या वर्षी मजूर सगळे कापसाकडे पळालेले, हाताशी दोनच माणसं, म्हणून घाई. मला दोन दिवस ताप होता. दादा पेरणीसाठी मला न्यायला परतवाड्यात येऊन थांबणार होते. मी मागच्या कोठीच्या खोलीत घोंगड्या रचता रचता त्यांच्यावरच जरा टेकलो आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा दुपार असून अंधार. खिडकीच्या फटींतून गवताचा ओला वास येत होता. बाहेरून रहमानमियांची हाक आली, "आत कोनी हाय काय?"

मी तोंड उघडलं, आणि हॉलमधून उत्तर गेलं.

"कोणी नाही, बांधा."

माझाच आवाज. तापातला, जरा बसलेला.

मी धावलो. हॉलमध्ये चादरी घातलेल्या खुर्च्या, बाकी कुणी नाही. पुढच्या दारावर तट्टी बसल्याचा धप्प आवाज झाला. मागच्या दाराकडे गेलो, तर बाहेरून कडी. बेंबीच्या देठापासून ओरडलो. दोरखंड आवळल्याचे आवाज येत राहिले, मग तेही थांबले आणि पाऊस सुरू झाला.

त्या अंधारात मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. दारं बडवली, नखं फुटली, देवाला नवस बोललो, साहेबाला शिव्या दिल्या. घंगाळात थोडं पाणी होतं आणि डब्यात मऊ पडलेली बिस्किटं. दिवाळी कुठे आणि मी कुठे! आपण इथेच मरणार, या बंगल्यात, घोंगड्यांसारखे घडी होऊन पडणार, हे मला स्वच्छ कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी गवळी म्हशी हाकत जवळून गेला. मी हॉलच्या दाराशी उभा राहून धडका देत होतो. तो थांबला. "कोन हाय आत?"

"मी आहे!" मी ओरडलो. त्याच क्षणी मागून, मी निजलो होतो त्या कोठीतून, शांतपणे आवाज आला, "कोणी नाही."

गवळी पळाला. त्याला दोष देत नाही, मीही पळालो असतो. त्यानंतर मी हाका मारणं सोडलं. भिंतीला पाठ लावून बसलो आणि कोठीच्या दाराकडे बघत राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग लांबून, पावसातून, एक ओळखीचा दणदणीत आवाज चढत आला.

"नाऱ्या! अबे नाऱ्या! पेरनी तोंडावर आली अन् तू अठी काय करून राहिला बे? निंग भाहेर!"

आत कोणी आहे का, असं दादांनी विचारलंच नाही. कोठीतून काही आलं नाही. मी श्वास धरून वाट पाहिली, आणि मग म्हणालो, "ओ दादा." लहानपणी विहिरीवरून द्यायचो तशी ओ.

रहमानमिया एकटेच उतरलेले पाहून दादा घाट चढायला लागले होते, प्रत्येक वळणावर माझ्या नावाने शिमगा करत. मागून त्यांच्याजवळची दुसरी किल्ली घेऊन रहमानमिया. दार उघडल्यावर म्हातारा रडकुंडीला आला. "मुन्शीजी, अवाज तुमचाच व्हता. मी काय तुमाले आजच ओयखतो? मांगच्या दाराले कुलूपई लागलेलं व्हतं. मले वाटलं, भावाच्या ओढीनं घाईनं उतरले."

कुलूप मी घातलं नव्हतं. घोंगड्या रचणाऱ्या माझ्या दोन्ही हातांना ते ठाऊक आहे. मग कुणी घातलं? त्या बंगल्यात कुणी मेलेलं नव्हतं, कुणाचा शाप नव्हता, मी चौकशी करून थकलो. तापाचा भास म्हणावं, तर रहमानमियांना आणि गवळ्याला ताप नव्हता.

मी ती नोकरी सोडली. दादांनी त्यावरून मला कधी टोमणा मारला नाही, त्यांच्या स्वभावात ते नवलच. फक्त एक झालं. पुढे आमची घरं वेगळी झाली, तरी माझ्याकडे येताना ते गल्लीच्या तोंडापासून "नाऱ्या, अबे नाऱ्या" करत येत. दारात उभं राहून घरात कोणी आहे का, असं त्यांनी जन्मात विचारलं नाही. शेजारी हसत. मी ओ देत असे.

दादांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. आता लोक येतात आणि रीतीप्रमाणे दारातून विचारतात, "घरात कोनी हाय काय?" मी जेवत असलो तरी उष्ट्या हाताने दाराकडे धावतो. बायको म्हणते, म्हातारपणी काय ही घाई. तिला काय सांगू? उत्तर आधी मलाच द्यायला हवं.