माझी सुट्टी आणि इब्रीची जनावरं

ओमानातल्या इब्रीहून कायमचा घरी आलो तेव्हा बायकोने माझी बॅग अंगणात उलटी करून झटकली. बकरीचे केस! कपडे दोनदा धुतले तरी निघतच होते. किश्श्यांचंही तसंच. मी काही गोळा करायला गेलो नव्हतो, अंगाला चिकटून आले.

मी रत्नागिरीचा. सातवी पास, तेही मास्तर कंटाळले म्हणून. इब्रीत अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, चाऱ्याच्या दुकानात पिकअप चालवायचो. मागेच त्याचा गोठा. सगळे मला चाचा म्हणायचे. २०१४-१५च्या सुमाराला माझे गुडघे संपले. क्लच दाबला की कळ थेट मानेत! एकच इच्छा उरली होती : अर्बाबने हो म्हणावं आणि मी घरी जावं. माणूस वाईट नव्हता. पण विचारलं की "इन्शाल्ला!" म्हणायचा आणि चहा मागवायचा. आणि मी विचारायला गेलो की नेमकं एखादं जनावर आडवं यायचं.

*

आमचे अकाउंटंट देशपांडे, पुण्याचे. त्यांना म्हटलं, "साहेब, इंग्लिशमध्ये कडक अर्ज लिहा. अर्बाबला रडू आलं पाहिजे."

त्यांनी टाइप करून दिला, वर "रिस्पेक्टेड सर". मी अर्ज पाठीमागे धरून अर्बाबसमोर उभा राहिलो. आधी सलाम, मग तब्येत, मग मुलंबाळं, मग भावाची मुलंबाळं. ओमानात एवढं झाल्याशिवाय कामाचं बोलतच नाहीत. सगळी चौकशी संपवून हात पुढे केला, तर हातात नुसता कोपरा! बाकीचा अर्ज मागे उभी असलेली बकरी चघळत होती.

अर्बाब हसून हसून खोकला. "तिच्याकडून परत घे, मग वाचतो!"

*

देशपांडे जनावरांना भारी घाबरायचे. पोहता येत नाही आणि नोकरी होडीवर, अशातली गत. एकदा भर दुपारी त्यांचा फोन.

"चाचा, माझ्या गाडीवर बकरी चढलीय."

"मग उतरवा."

"मी आत आहे."

"मग गाडी पुढे घ्या."

"अहो, पडेल ना ती!"

बाहेर येऊन बघतो तर नवीकोरी गाडी, टपावर बकरी बाभळीचा पाला ओरबाडतेय, आणि आत देशपांडे एसी लावून डबा खातायत. मी सावलीत बसून राहिलो. बकरी हाकलायला उठायचं म्हणजे गुडघ्यांची परवानगी लागते.

दोघांचं जेवण एकदमच संपलं.

*

देशपांड्यांची बहीण मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये राहायची. कडक शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नाही. पॅकेटच्या दुधावर तिचा विश्वास नव्हता. म्हणून मी मस्कतच्या मत्रह बाजारात माल आणायला निघालो की आमच्या गोठ्यातलं गाईचं दूध बर्फात ठेवून तिला पोचवायचो.

"चाचा, याला जरा वेगळाच वास येतो हो."

"ताई, खऱ्या दुधाला वास असायचाच!"

झालं, तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. आणि एका शुक्रवारी मुलाला घेऊन गाय बघायलाच इब्रीला आली. गाईला नमस्कार केला, मुलालाही करायला लावला. तेवढ्यात गाईने पाटीत तोंड घातलं आणि सुक्या तारल्या कराकरा चावायला लागली! तिकडे गुरांना सुकी मासळी घालतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. इतकी चांगली तारली, आणि ती गाईला!

ताई पांढरी पडली. मुलगा इंग्लिश शाळेतला, शब्द शोधत शोधत म्हणाला, "आई, मग आता आपण नॉनव्हेज?"

त्या दिवशी अर्बाब खुशीत होता, मी विचारणारच होतो. पण तो तिची समजूत काढत बसला. "सिस्टर, नो टेन्शन! मच्छी एकदम फ्रेश है!"

*

मग मी वेगळी युक्ती काढली. अर्बाबच्या पोपटाला शिकवायला लागलो : "अर्बाब, छुट्टी!" रोज एक खजूर आणि एक धडा. पोपट माझ्यापेक्षा हुशार निघाला. पंधरवड्यात असा काही ओरडायला लागला की अर्बाबला फोनवर बोलता येईना. "अर्बाब, छुट्टी! अर्बाब, छुट्टी!"

शेवटी तो तणतणत उठला, पिंजऱ्याचं दार उघडलं. "घे छुट्टी! यल्ला, चल नीघ!"

पोपट भुर्र. इतकी वर्षं मागतोय मी, आणि गेला तो!

संध्याकाळी बघतो तर स्वारी पिंजऱ्यात परत. बाहेर काय बघून आला कोण जाणे, दोन दिवस एक शब्द बोलला नाही. आम्ही दोघं नुसते बसून असायचो.

*

एक दिवस पिकअपमधून उतरलो आणि दुकानाच्या पायरीवर बसलो, तो उठताच येईना. अर्बाब आला, दोन्ही काखांत हात घालून त्याने मला उभं केलं. थोडा वेळ धरून ठेवलं. म्हणाला, "खलास, चाचा. घरी जा."

मी काही विचारलंही नव्हतं!

निघायच्या दिवशी तो स्वतः एअरपोर्टला सोडणार होता. मोठी गाडी त्याचा मुलगा घेऊन गेलेला, म्हणून पिकअपच. अर्बाबची एक लाडकी उंटीण होती. तिला शर्यतीच्या मैदानावर न्यायचं काम माझं. मातीच्या उंचवट्याला पिकअप मागून लावली आणि एक हॉर्न दिला, की ती आपली आपण चढून मागे गुडघे दुमडून बसायची. माझ्यापेक्षा बरे गुडघे!

शेवटचं म्हणून पिकअप मीच बाहेर काढली. हात सवयीचे. लावली उंचवट्याला, दिला हॉर्न! आली बाई, चढली आणि बसली.

अर्बाबने तिला उतरवायला खजूर दाखवले. मी माझ्या रत्नागिरीच्या भाषेत शिव्या दिल्या. देशपांडे लांबूनच "शुक शुक" करून गेले. ती रवंथ करत रस्त्याकडे बघत राहिली. काठी मारू द्यायला अर्बाब तयार नाही. आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. हे विमान चुकलं तर पुन्हा कधी, हे विचारायची माझ्यात ताकद नव्हती.

अर्बाबने मला ढकलून शेजारी बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. "यल्ला!"

इब्री ते मस्कत, मागे उंटीण! लोक हॉर्न देतायत, व्हिडिओ काढतायत, आणि ही मान उंच करून लग्नातल्या पाहुणीसारखी बसलेली.

एअरपोर्टच्या दारात पोलिसाने थांबवलं. माझी बॅग बघितली, मला बघितलं, तिला बघितलं. मग अगदी गंभीरपणे अर्बाबला विचारलं, "ही पण जाणार आहे का?"

"नाही," अर्बाब म्हणाला. "जाणार हा एकटाच. ती सोडायला आलीय."